कागद दुसऱ्याचा, आवाज आपला

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की बातम्या वाचणे म्हणजे दुसऱ्याने लिहून दिलेले म्हणून दाखवणे, त्यात आपले असे काय असते; आणि मी उत्तर न देता जेवणाखाण्याची चौकशी सुरू केली. प्रादेशिक बातम्या वाचण्यात माझी तेवीस वर्षे गेली आणि तेवढी वर्षे हाच प्रश्न मलाही अधूनमधून टोचत असे. तो टोचला की मला एकच माणूस आठवे. त्याची हकीकत तुला कधी नीट सांगितलेली नाही, म्हणून हे पत्र.

यूरी लेवितान हा मॉस्को रेडिओचा निवेदक. जन्म १९१४ चा, मॉस्कोच्या पूर्वेला असलेल्या व्लादिमीर या गावी, एका ज्यू शिंप्याच्या घरी. आवाज लहानपणापासून असा दणदणीत की पोरांनी त्याचे नाव ‘तुतारी’ ठेवले होते. सतराव्या वर्षी सिनेमात नट व्हायचे म्हणून तो मॉस्कोला गेला, तर परीक्षकांनी त्याला गावाकडच्या उच्चारांवरून परत पाठवले. मॉस्कोचे लोक जो ‘ओ’ सैल सोडून ‘अ’सारखा म्हणतात, तो व्लादिमीरकडे ठसठशीत ‘ओ’च राहतो. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘डोळा’ हा ‘डोया’ असे आणि ती वऱ्हाडी सवय माझ्या जिभेवरून जायला दोन वर्षे लागली, त्यामुळे या प्रसंगाचे मला फारसे हसू येत नाही.

परत जाता जाता त्याने रेडिओला निवेदक हवे असल्याची जाहिरात पाहिली आणि १९३१ साली तो तिथे उमेदवारीला लागला. पुढे त्याने जिभेला वळण लावण्यासाठी जी मेहनत घेतली, ती मी तुझ्या वयाचा असताना जशीच्या तशी करून पाहिली होती. तो बातमीचा कागद उलटा धरून वाचायचा, आडवा धरून वाचायचा, आणि वाचता वाचता सहकाऱ्यांना मुद्दाम कागद फिरवायला सांगायचा. उलट्या कागदावर डोळा पुढे पळू शकत नाही, प्रत्येक अक्षराची दखल घ्यावीच लागते, आणि वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवण्याची शिस्त आपोआप लागते.

१९३४ च्या जानेवारीत एका रात्री तो ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्राचा मजकूर शब्द सुटे करत, सावकाश वाचत होता, कारण दूरच्या शहरांतली वर्तमानपत्रे तो ऐकून उतरवून घेत असत. तो आवाज स्टालिनच्या कानी पडला आणि त्याने रेडिओच्या प्रमुखाला फोन करून सांगितले की पक्षाच्या सतराव्या अधिवेशनातले आपले भाषण याच आवाजात वाचले जावे. लेवितानने ते सुमारे पाच तास वाचले, आणि एकही चूक केली नाही असे सांगतात. एका फोनने एकोणीस वर्षांच्या मुलाचे नशीब उघडले खरे; पण त्या काळच्या मॉस्कोत अशा एखाद्या फोनने माणूस नाहीसाही होत असे, हे विसरून ही गोष्ट सांगू नये.

जर्मनीने रशियावर हल्ला केला त्या २२ जून १९४१ च्या सकाळची त्याने सांगितलेली आठवण माझ्या मनातून जात नाही. पहाटेच सर्वांना रेडिओवर बोलावून घेतले होते आणि फोन वाजत होते. मिन्स्कहून कोणी सांगे की शत्रूची विमाने शहरावर आली आहेत. कौनासहून कोणी विचारी की इथे शहर जळत आहे, तुम्ही काहीच का सांगत नाही? निवेदकांना सारे ठाऊक होते आणि तोंड उघडण्याची मुभा नव्हती. सव्वाबाराला परराष्ट्रमंत्री मोलोतोव बोलले, आणि मग दिवसभर लेवितानने युद्धाची घोषणा पुन्हा पुन्हा वाचली. तुझ्या प्रश्नातला सल मला त्या सकाळी सर्वांत खोल गेलेला दिसतो.

पुढची चार वर्षे ‘मॉस्को बोलत आहे’ हे त्याचे शब्द ऐकले की लोक रस्त्यावरच्या कर्ण्यांखाली थबकत. सरकारी माहिती खात्याची सुमारे दोन हजार निवेदने त्याने वाचली. ती निवेदने खरी होती का? अर्धीमुर्धी. पडलेल्या शहराचे नाव कित्येक दिवस येत नसे, ‘अमुक दिशेला लढाई चालू आहे’ एवढेच येई, आणि लोक त्या ‘दिशे’वरून आघाडी किती मागे सरकली ते ताडत. शब्द बदलणे लेवितानच्या हाती नव्हते. पराभवाच्या बातमीत आवाज रडवेला होऊ न देणे आणि खोटा उत्साहही न आणणे, एवढे मात्र होते, आणि ते त्याने पाळले. म्हणून १९४३ च्या ऑगस्टमध्ये ओर्योल आणि बेलगोरोद ही शहरे जर्मनांकडून सोडवल्याचा आदेश त्याने वाचला आणि मॉस्कोत १२० तोफांची पहिली सलामी झडली, तेव्हा त्या आवाजातला आनंद लोकांना खरा वाटला.

जर्मन विमानांना खूण सापडू नये म्हणून मॉस्कोतले रेडिओचे मनोरे उतरवले होते, आणि १९४१ च्या शरद ऋतूपासून लेवितान प्रत्यक्षात उरल पर्वतापलीकडे, स्वेर्दलोव्स्क शहरातल्या एका तळघरातून वाचत होता. १९४३ च्या मार्चमध्ये त्याला कुइबिशेव शहरात हलवले. ‘मॉस्को बोलत आहे’ म्हणणारा मॉस्कोत नाही, हे गुपित युद्धानंतरही कित्येक वर्षे जपले गेले. लंडनला नेमके याच्या उलट घडले: १९४० पासून बीबीसीचे निवेदक स्वतःचे नाव सांगून बातम्या वाचू लागले, म्हणजे शत्रूचा तोतया बोलला तर श्रोत्यांना कळावे.

९ मे १९४५ च्या रात्री लेवितान विजयाचा आदेश वाचायला क्रेमलिनहून स्टुडिओकडे निघाला, तर लाल चौकात माणसांचा समुद्र. “जाऊ द्या, आम्हाला काम आहे,” असे तो म्हणाला, तर लोकांनी त्यालाच गप्प केले: आता लेवितान रेडिओवर आदेश वाचणार आहे, सगळ्यांसारखे उभे राहा आणि ऐका! शेवटी तो मागे फिरला आणि क्रेमलिनमधल्याच स्टुडिओत लाखेची मोहोर फोडून त्याने आदेश वाचला. लाखो लोक ज्याच्या आवाजावर जगले, त्याचा चेहरा चार हातांवरून कोणी ओळखला नाही. आपल्या पेशाला मिळालेली याहून मोठी पावती मला ठाऊक नाही.

नंतरचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९६१ साली गागारिनच्या अंतराळातल्या उड्डाणाची बातमी त्याने दिली, पण रोजच्या बातम्यांना तो आवाज चालेना. तो ऐकला की लोकांना धस्स होई. युद्धातली निवेदने तेव्हा ध्वनिमुद्रित झालेली नव्हती, त्यांतली काही त्याने पन्नासच्या दशकात पुन्हा वाचली, आणि आज आपण ऐकतो ती बहुतेक तीच. १९८३ च्या ऑगस्टमध्ये बेलगोरोदच्या मुक्ततेच्या चाळिसाव्या वर्षाच्या समारंभासाठी तो तिकडे गेला होता, आणि आदल्याच दिवशी, ४ ऑगस्टला, जवळच्या एका खेड्यात हृदयविकाराने गेला.

माझी स्वतःची कमाई एवढी मोठी नाही. एका सकाळी माझ्याकडून दोन पाने एकदम उलटली गेली आणि एसटीच्या अपघाताच्या अर्ध्या वाक्याला मी कांद्याचे भाव जोडले. लिहिणाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. पुढे कित्येक दिवस त्या अपघातातल्या माणसांच्या घरी रेडिओ चालू असेल का, हाच विचार माझ्या डोक्यात होता. तेव्हापासून मी टाचणी काढून, प्रत्येक पान सुटे करून मगच बसत असे. तूही तसेच कर, तुमच्याकडे पडद्यावर अक्षरे येत असली तरी कागद हाताशी ठेव.

रविवारी फोन करशील तेव्हा एखादी बातमी उलट्या कागदावरून वाचून दाखव. आईही ऐकणार आहे, आणि चुका तिला माझ्याआधी कळतात.

तुझा,
बाबा