बाबा, चूक वायरिंगवाल्याची नाही

चाकण, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो की बाबा दोन वेळा ‘हॅलो’ म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई ‘हो हो’ करत निम्मंच बाबांपर्यंत पोचवते. म्हणून मामाच्या पोराजवळ ही चिठ्ठी देतोय. बाबा, चष्मा लावा आणि बोलेरोत बसूनच वाचा.

आधी कबुली देतो. बोलेरोतला आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर तुम्ही म्हणता तसा जळलेला नाही. त्याची वायर मी चुकीची जोडली आहे. स्टँडमागच्या वायरिंगवाल्याने फक्त हॉर्न बसवला, गाण्याच्या टेपला हातही लावला नाही, असं तो म्हणत होता ना? खरं तेच सांगत होता. तुम्ही त्याला चार लोकांत बोललात आणि आता त्याच्या दुकानावरून जाताना मान फिरवता, हे आईने सांगितलं. ते माझ्यामुळे झालं.

मला हे कळलं ते आईमुळे. परवा ती सहज बोलून गेली, ‘सोनपेठच्या लग्नाला जाताना रेडिओ लावला तर चांगला वाजला बघ. ह्यांचा पेनड्राइव्ह लावला की मुकं.’ मागून तुमचा आवाज आला, ‘तिला काय कळायलंय त्यातलं!’ बाबा, सगळं तिलाच कळलंय. मी इथे दिवसभर वायरिंगच्या टेस्टिंगला उभा असतो, तरी आठवडाभर फ्यूज, अर्थ, फ्यूज, अर्थ एवढंच घोकत होतो.

आता नीट सांगतो. अॅम्पला तीन वायरी येतात. जाड लाल थेट बॅटरीवरून, जाड काळी गाडीच्या पत्र्याला जोडलेली, म्हणजे अर्थ, आणि मधे एक बारीक निळी, टेपकडून येणारी. लाल-काळीत चोवीस तास करंट असतो, पण तेवढ्याने अॅम्प जागा होत नाही. तुम्ही एवढी वर्षं एसटी चालवली. इंजिन चालू आहे, डिझेल आहे, प्रवासी बसलेत, पण कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय कधी गिअर टाकला का? बारीक निळी वायर म्हणजे ती डबल बेल. टेप सुरू झाला की तिच्यात १२ व्होल्ट येतात आणि अॅम्प उठतो.

घोळ असा की टेपच्या मागे निळ्या वायरी दोन असतात. निळीवर पांढरी रेघ असलेली अॅम्पसाठी. नुसती निळी असते ती छोट्या मोटरने वरखाली होणाऱ्या अँटेनासाठी, आणि बऱ्याच टेपांत ती फक्त रेडिओ लावल्यावरच जिवंत होते. आपल्या गाडीला साधी काडीची अँटेना, म्हणून ती वायर मोकळीच लोंबत होती. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी लाईट गेलेली, मोबाइलचा टॉर्च लावून तो दातात धरलेला, माझी रात्रीची गाडी गाठायची आणि तुम्ही दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ विचारत होतात. त्या उजेडात पांढरी रेघ काही दिसली नाही. तपासायला म्हणून परभणी आकाशवाणी लावली, खणखणीत वाजली, आणि मी बॅग उचलली. पेनड्राइव्ह घरात फडताळावर होता. तो लावून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं.

तुम्ही टेस्ट लॅम्प लावून बघितला, तो मिणमिणला आणि तुम्ही ‘करंटच कमी यायलाय’ असं ठरवलंत, ते मात्र पटलं नाही. तो लॅम्प डेपोतला ना, लाकडी मुठीचा? त्यातला बल्ब २४ व्होल्टचा आहे. बसला २४ लागतात, बोलेरोला १२. तो इथे मिणमिणणारच. त्याला आता निवृत्ती द्या.

त्याऐवजी व्होल्ट मोजायचा मीटर घ्या. गोल बटण डीसी २० वर आणा. इंजिन बंद ठेवून लाल टोक अॅम्पच्या लाल वायरीच्या स्क्रूला, काळं टोक काळीच्या स्क्रूला लावा. साडेबाराच्या आसपास आकडा दिसला की लाल-काळी ठीक. (गाडी चालू असेल तर १४ च्या जवळ जाईल, घाबरू नका.) आकडा आला नाही तर काळं टोक उचलून सीटखालच्या उघड्या पत्र्याला टेकवा. तिथे आला तर अर्थ ढिला, तिथेही नाही आला तर बॅटरीजवळचा फ्यूज बघा. फ्यूज नुसता उजेडात धरून बघू नका, बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. मीटर बीपवर ठेवून फ्यूजच्या दोन्ही पायांना टोकं लावा, वाजला तर फ्यूज शाबूत. पण यातलं काही निघणार नाही. अर्थच्या जागेवरचा रंग मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढलाय, तेवढं काम तरी नीट केलंय.

मग खरी परीक्षा. काळं टोक तिथेच ठेवा, लाल टोक मधल्या बारीक निळीवर. आईला पुढे बसवून रेडिओ लावायला सांगा. १२ येतील. मग पेनड्राइव्ह लावायला सांगा. शून्य आलं की माझी चूक सिद्ध झाली.

एवढं बघून थांबा. लाल आणि मधल्या स्क्रूमध्ये वायरचा तुकडा टाकून अॅम्प उठवता येतो, तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तपासण्यापुरतं ठीक, पण तो तुकडा तसाच राहिला तर अॅम्प रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गल्लीतली पोरं गोळा करून गाडी ढकलावी लागते. आणि तुकडा चुकून काळीला टेकला तर ठिणगी उडेल ती वेगळीच.

टेप बाहेर काढून जोड बदलायचं काम त्या वायरिंगवाल्याकडूनच करून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. आधी बॅटरीची मायनस काढायची, माझी निळी सोडवून तिचं टोक चिकटपट्टीने गुंडाळायचं, आणि पांढऱ्या रेघेची जोडायची. हे त्याला मी सांगायची गरज नाही. पैसे सांगेल तेवढे द्या, घासाघीस करू नका. आणि त्याला सांगा की पोराने चूक कबूल केली. तुमच्या तोंडून माफीचा शब्द निघणार नाही, मला ठाऊक आहे, तर चहा तरी पाजा. मी त्याला फोन केलाय. तो म्हणाला, ‘काकांचं काय मनावर घ्यायचंय.’ म्हणजे घेतलंय.

नवीन अॅम्पसाठी काढलेले साडेचार हजार परत बँकेत टाका, नाहीतर आईच्या गुडघ्याचं औषध आणा. गजानन महाराजांची पालखी गंगाखेडला यायच्या आधी गाडी वाजली पाहिजे. आई, हरिपाठ आणि तू सांगितलेले जनाबाईंचे अभंग नव्या पेनड्राइव्हमध्ये भरून याच चिठ्ठीबरोबर पाठवलेत. आवाज बारावरच ठेवायचा. बाबा वीसवर नेतात, मग मागचे स्पीकर फाटल्यासारखे वाजतात.

तुमचा,
बाळू

ता. क. मीटर देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, पिवळा. वापरून झाल्यावर बाबा तो चालूच ठेवतात. आई, बंद तू कर.