दुष्काळाचे मूळ सह्याद्रीच्या सावलीत

महोदय,

मराठवाड्याच्या दुष्काळाचे खापर केवळ वृक्षतोडीवर फोडणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. झाडे लावायलाच हवीत, पण हे निदान अर्धवट आहे. प्रदेशाचे हवामान अक्षांश, उंची, समुद्रापासूनचे अंतर, सागरी प्रवाह आणि डोंगररांगांची दिशा यांवर ठरते. आपल्याकडे यातला डोंगर फार भारी पडतो. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढताना थंड होऊन बरसते. महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. तीच हवा पूर्वेला उतरताना तापते, कोरडी होते. आमच्या वाट्याला सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर, आष्टी-पाटोद्याकडे त्याहूनही कमी. जूनमध्ये ढग नुसते डोक्यावरून सरकतात आणि पेरणीची पाभर गोठ्याच्या भिंतीला टेकून राहते, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या आडोशाचा पॅटागोनिया प्रदेश याच कारणाने कोरडा आहे.

डोंगर हलवता येत नाही, पीक बदलता येते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तरीही डोंगराआडच्या या कमी पावसाच्या पट्ट्यात, म्हणजे पर्जन्यछायेत, भरपूर पाणी पिणारा ऊस वाढतोच आहे. त्यावरही आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

– एक निवृत्त भूगोल शिक्षक, आष्टी (जि. बीड)