दोघांचं जमतं ते तक्त्यात नसतं

ऑक्टोबर २०२४

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार ट्रम्प आणि कमला हॅरिस यांच्या परराष्ट्र धोरणाचा तक्ता छापलात. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्या, आणि मध्ये युक्रेन, गाझा, इराण, चीन. आयात कर अगदी तळाला, दीड ओळीत. तक्ता चांगला आहे, मी कात्रण काढून भांड्यांच्या फळीला खोचून ठेवलंय. पण त्याच्याशी माझं थोडं भांडण आहे.

आधी मी कोण ते सांगते. गुहागर तालुक्यात माझी खाणावळ होती, कंपनीच्या गेटपासून चालत दहा मिनिटांवर. कंपनी म्हणजे अमेरिकेच्या एन्रॉनची दाभोळ वीज कंपनी. आमच्याकडे नुसतं ‘कंपनी’ म्हटलं की कळतं. ताटात दोन तांदळाच्या भाकऱ्या, भात, आमटी आणि बांगडा मिळाला तर तिरफळं घातलेलं त्याचं तिखलं. मद्रासकडच्या वेल्डरांना ते तिखलं इतकं आवडायचं की रविवारी ते टोप पुसून न्यायचे. गिऱ्हाइकांसाठी दोन पेपर घ्यायचे, तिथूनच मला वाचायची खोड लागली. शाळा माझी सातवीपर्यंत.

आता भांडणाकडे येते. ११ सप्टेंबरला, आपल्या गौरीपूजनाच्या सकाळी, या दोघांची वादसभा झाली. गणपतीला आलेला पुतण्या साडेसहालाच ओटीवर मोबाइल लावून बसला आणि मी आत वड्यांचं पीठ तिंबत असताना मला मराठीतून सांगू लागला. ट्रम्प म्हणाले, निवडून आलो की शपथ घ्यायच्या आधीच युक्रेनचं युद्ध मिटवतो. हॅरिसबाई म्हणाल्या, हे खुर्चीवर असते तर आज पुतिन कीव्हमध्ये बसलेले असते. पुतण्याला क्रिकेटची मॅच बघितल्यासारखी मजा येत होती. मला मात्र बुश आठवले, धाकटे.

नोव्हेंबर १९९९ मध्ये, ते अध्यक्षपदाला उभे असताना, त्यांना एका टीव्ही पत्रकाराने भारताच्या पंतप्रधानांचं नाव विचारलं होतं. त्यांना ते सांगता आलं नाही. खाणावळीत त्यावर चार दिवस हशा चालला होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, समोरचे उमेदवार अल गोर यांच्याबरोबरच्या वादसभेत, हेच बुश म्हणाले की अमेरिकेने जगाशी नम्रपणे वागावं. मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग २००१ उजाडलं. कंपनीची वीज महाग होती, ती आपल्या वीज मंडळाला झेपेना, बिलं थकली. मंडळाचंही चुकलं नव्हतं म्हणा. मे महिन्यात कंपनी बंद पडली. आणि जूनमध्ये बुश यांचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी वॉशिंग्टनला आलेल्या सोनिया गांधींकडे दाभोळचा विषय काढला. बुश यांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तर त्यासाठी वेगळा गट बसवला होता, हे नंतर पेपरांतून बाहेर आलं. अटलजींचं नाव न आठवणाऱ्या माणसाच्या कचेरीत दाभोळचं नाव मात्र पाठ होतं! डिसेंबरात एन्रॉनचं तिकडेच दिवाळं वाजलं.

बरं, हे एकट्या बुश यांचं म्हणावं तर तसंही नाही. १९९५ साली ‘एन्रॉन समुद्रात बुडवू’ म्हणत इथे शिवसेना-भाजप युती निवडून आली आणि ऑगस्टमध्ये करार मोडला. त्याच्या आधीच, जूनमध्ये, क्लिंटन यांच्या ऊर्जा खात्याने बजावलं होतं की हा करार मोडलात तर भारतातले दुसरेही खासगी वीज प्रकल्प अडचणीत येतील. पुढच्या वर्षी युतीनेच नवा करार केला, आधीपेक्षा मोठा. म्हणजे क्लिंटन डेमोक्रॅट, बुश रिपब्लिकन, आणि कंपनीच्या बाबतीत दोघे एकच. तेव्हा आपण असा तक्ता छापला असता तर दाभोळ त्यात आलंच नसतं. तक्त्यात येतं ते जिथे दोघांचं जमत नाही ते.

माझं काय झालं तेही सांगते. कंपनीच्या दुसऱ्या टप्प्याचं, म्हणजे फेज टूचं, काम २००१ च्या जूनमध्ये थांबलं आणि एक पोटठेकेदार माझी अडतीस हजारांची उधारी ठेवून एका रात्रीत माणसांसकट गेला. वही अजून आहे. त्याचं नाव लिहीत नाही, वसूल व्हायचं नाही ते नाहीच.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देऊ. आजची कोळंबी घ्या. समुद्रात पकडलेली आपली कोळंबी २०१९ पासून अमेरिका घेत नाही. कारण आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांना कासव सुटून जायची चौकट नसते. टेड म्हणतात तिला. कासवं वाचावीत असं मलाही वाटतं. आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर पिल्लं सोडतात तेव्हा मी नातवाला घेऊन जाते. पण बंदी आली ट्रम्प यांच्या काळात आणि बायडेन-हॅरिस यांच्या काळातही ती उठली नाही. यावर दोघांत वाद नाही, म्हणून तक्त्यात ओळ नाही. वेलदूरच्या ट्रॉलरवाल्याला विचारा, त्याला गाझापेक्षा ही ओळ आधी हवी असेल.

आणि जिथे खरंच वाद आहे तो आयात कर आपण तळाला टाकलात. ट्रम्प म्हणतात, बाहेरून येणाऱ्या सगळ्याच मालावर दहा ते वीस टक्के कर लावीन, चिनी मालावर साठ. हॅरिसबाई त्याला विक्रीकरच म्हणतात. सप्टेंबरात मिशिगनमध्ये ट्रम्प यांनी मोदींची तोंडभर स्तुती केली आणि तिथेच भारत आयात कराचा फार गैरफायदा घेतो असंही सांगितलं. आपल्याकडे स्तुतीची बातमी मोठी झाली. तळ्यातल्या गोठवलेल्या कोळंबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका आहे. कर भरणार तिकडचा व्यापारी, पण तो भाव पाडून मागणार इकडे. माझी भाची रत्नागिरीत कोळंबी सोलते, किलोवर पैसे मिळतात. ट्रम्प आले तर दर काय होईल, असं तिने मला विचारलं. मी फळीवरचं कात्रण काढून बघितलं, त्यात काही सापडलं नाही.

तिकडे मतदान ५ नोव्हेंबरला आहे, अजून दिवस आहेत. पुढच्या रविवारी तक्ता पुन्हा छापणार असाल तर कर वर घ्या, आणि खाली एक रकाना वाढवा: ‘दोघांचं जमतं ते’. आमचं विधानसभेचं मतदान २० तारखेला. इथल्या उमेदवारांचा तक्ता कराल तेव्हाही तो रकाना ठेवा, आणि त्यात पहिलं आमच्या जेटीच्या गाळाचं लिहा.

आपली,
एक खाणावळवाली
ता. गुहागर, जि. रत्नागिरी
(नाव-पत्ता पाकिटावर आहे, छापू नये.)