पेयांच्या लेबलवर मिलिग्रॅम छापा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. माझी मागणी एकच आहे. शीतपेयांत कृत्रिम स्वीटनर आणि फ्लोराईड नेमकं किती आहे, ते मिलिग्रॅममध्ये लेबलवर छापणं सक्तीचं करा. बाटलीबंद पाण्यावरही फ्लोराईडचा आकडा हवा.

‘शुगर-फ्री’ ही अक्षरं डब्यावर लांबूनही वाचता येतात. मागच्या बाजूला मात्र बारीक टायपात ‘स्वीटनर (९५१, ९५०)’ असं काहीतरी असतं. ९५१ म्हणजे अस्पार्टेम, ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम. हे ठाऊक असलेल्या पालकालाही ते किती घातलंय, हे कळायला मार्ग नसतो.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेमला २-बी गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. पुरावा मर्यादित आहे, असंही तिने स्पष्ट केलं, त्यामुळे मला कुणाला घाबरवायचं नाही. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने अस्पार्टेमची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम धरले, तर ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ डब्यांहून जास्त प्यावे लागतील, असं उदाहरणही दिलं गेलं. पण माझ्याकडे येणारी मुलं ७० किलोची नसतात, साहेब. १५ किलोच्या मुलाची मर्यादा ६०० मिलिग्रॅम भरते. म्हणजे दोन-तीन डब्यांत संपली! डब्यात २०० आहेत की ३००, हे माहीत नसताना आईने हिशेब करायचा कसा? शिवाय साखर नाही म्हणून दात सुरक्षित, हाही गैरसमजच. या पेयांतलं आम्ल दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, झिजवतंच.

फ्लोराईडचे परिणाम तर मी रोज पाहते. योग्य प्रमाणात ते दात राखतं; फ्लोराईडची टूथपेस्ट मी स्वतः सुचवते. प्रमाण वाढलं की तेच बाधतं. साधारण आठव्या वर्षापर्यंत पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात. त्या काळात जादा फ्लोराईड पोटात गेलं, तर दात बाहेर येतात तेच खडूसारख्या पांढऱ्या रेघा घेऊन. प्रमाण फारच असेल तर तपकिरी डाग, खळगे. अशी मुलगी तोंडावर हात धरून बोलते आणि आई काकुळतीने सांगते, “दोन्ही वेळा घासते हो, तरी असे.” घासून ते जाणार नाहीत, हे त्या मुलीसमोर सांगणं फार जड जातं. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराईड शरीरात जात राहिलं, तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. त्याहून जास्त फ्लोराईडचा मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी संबंध दिसतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०२४ मध्ये मध्यम खात्रीने मांडला. त्याखालच्या प्रमाणाबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा नाही, असंही नोंदवलं. फ्लोराईड जिभेला कळत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. जे पाण्यात असतं तेच शीतपेयात उतरतं, आणि चहाच्या पानांत ते मुळातच साठलेलं असतं. मूल दिवसभरात या सगळ्यांतून किती घेतं, याचा अंदाज आज डॉक्टरलाही बांधता येत नाही.

कंपन्या पाककृती गुप्त असल्याचं कारण पुढे करतील. पण साखरेचे ग्रॅम त्या छापतातच, मग स्वीटनरचे मिलिग्रॅम छापायला हरकत कसली? स्वीटनर तर कारखान्यात मोजूनच घातला जातो. आपण नियमाचा मसुदा काढा. मुलांच्या वजनानुसार मर्यादेचा तक्ता आणि माझ्या लेखी सूचना मी लगेच पाठवीन.

आपली,
एक बालदंतवैद्य