कवेलूचं काय ते सांग

प्रिय दोस्ता,

शाळा पाडणार म्हणून तुला कोण सांगितलं बाप्पा? पाडत नाही, पण बेत होता खरा, इस्टिमेटमध्ये कवेलूच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, चारही खोल्या पाडून वर स्लॅब असं लिहूनच आलं होतं. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे ना, तर मीटिंगमध्ये म्हटलं साहेब, आधी दुपारी दोनला स्लॅबच्या नव्या खोलीत दहा मिनिटं बसा, मग पाडा. एप्रिल, बाहेर ४४. शर्ट पाठीला चिकटला तसे उठले, कवेलूखाली येऊन बसले अन् बसूनच राह्यले. बोलले काही नाही. पण समजलं.

अन् त्यात जादू काय आहे, दीड फुटाच्या मातीच्या भिंती लवकर तापत नाहीत, कवेलूच्या फटीतून गरम हवा निघून जाते, स्लॅब मात्र दिवसभर तापून संध्याकाळपर्यंत डोक्यावर ओकतो. सेवाग्रामची गांधीजींची बापू कुटी १९३६-३७ च्या सुमाराची, माती-बांबू-कवेलूचीच, सहलीला गेलो तेव्हा तू तिथल्या गार जमिनीवर आडवा पडला होतास अन् गुरुजींनी कान पकडला होता!

आता स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर दिला, तेवढ्यानंही फरक पडला. सोलरची मात्र गंमत झाली. बसवणारा म्हणे कडूनिंब तोडा, एका पॅनलवर सावली पडली तरी सगळ्या लाइनीची वीज घसरते. ते खरं आहे, पण आपला निंब? पॅनल सरकवले. किलोवॅटमागे दिवसाला चारेक युनिट मिळतात, पण बॅटरी नाही घेतली, त्यामुळे गावची लाइन गेली की सोलरही बंद, अन् तो भिंतीएवढा डिजिटल बोर्ड काळा ठिक्कर. हे आधी कोणीच सांगितलं नाही लेका. मग मॅडम पोरांना घेऊन निंबाखालीच बसतात.

खरी डोकेदुखी कवेलूची. वांदरं उड्या मारतात, रोज पाच-सात फुटतात, अन् गावठी कवेलू आता कोणी करत नाही, इंग्रजी, म्हणजे मंगलोरी, कवेलू त्यात बसत नाहीत. म्हणून लोकांच्या पडक्या घरांचे गोळा करतोय. तुमच्या जुन्या घराची मागची पडवी यंदा बसली, कवेलू बरेचसे साबूत आहेत, मी जाऊन पाह्यलं. मागायला जीभ रेटत नाही, पण काकाजींना विचारून सांग. जूनच्या शेवटी शाळा उघडते, त्याआधी ट्रॅक्टर पाठवतो.

तुझाच,
बाजूच्या बेंचवरचा