दगडी ढाबळींच्या दुरुस्तीवरील व्हॅटबाबत ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री, ब्रिटन सरकार, लंडन यांस,

सविनय नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या खात्याकडे टपालाने पाठवली आहे. इथे राहून कर भरणाऱ्या मराठी मंडळींनीही ते वाचावे म्हणून ते मराठीतही लिहीत आहे. (कबुतरखाना म्हटले की आम्हाला दादर आठवते; इथे विषय ढाबळीचा, म्हणजे कबुतरे पाळण्याच्या वास्तूचा आहे.)

वॉरिकशायरमधील किनवॉर्टन येथे नॅशनल ट्रस्टने जपलेली चौदाव्या शतकातली गोल दगडी ढाबळ आहे. भिंत तीन फुटांहून जाड, आणि तिच्या आतल्या अंगाला ओळीने पाचशेहून अधिक कोनाडे. मधोमध उभा फिरता खांब असून त्याच्या आडव्या दांड्यांना शिडी जोडलेली आहे. खाली न उतरता गोल फिरत एकेका कोनाड्यात हात घालायचा आणि उडू न लागलेली पिल्ले काढायची, अशी ही सोय. पिल्ले मालकाच्या ताटात, विष्ठा त्याच्या शेतात. ढाबळ बांधण्याचा हक्कही मध्ययुगात जमीनदारांचा आणि मठांचाच, पण कबुतरे दाणे टिपत ते कुळांच्याही शेतातले. तेव्हा या वास्तूंचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्या ढासळल्या, तर त्या काळच्या गावगाड्याचा हा रोकडा पुरावाच जाईल.

किनवॉर्टनच्या मागे मोठी संस्था तरी आहे. इतरत्र शेतवाड्यांच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या ढाबळींचे दगड चुन्यात बसवलेले असतात, आणि तिथे सिमेंट भरले की ओल आतच कोंडून मऊ दगड झिजू लागतो. म्हणून चुन्याचे काम जाणणारा गवंडी लागतो, आणि तो स्वस्तात मिळत नाही. त्याच्या बिलावर आपण 20 टक्के व्हॅट लावता, तर नवे घर बांधणाऱ्याला शून्य. संरक्षित वास्तूंमधील मंजूर फेरबदलांना मिळणारी शून्य दराची सवलत 2012 मध्ये काढून घेण्यात आली. दुरुस्तीला तर ती तेव्हाही नव्हती. दोन वर्षे रिकाम्या पडलेल्या घराच्या नूतनीकरणाला आपण 5 टक्के दर देता, पण दोनशे वर्षे रिकामी असलेली ढाबळ माणसांचे घर नसल्यामुळे त्यात बसत नाही.

तोच 5 टक्के दर संरक्षित वास्तूंच्या दुरुस्तीला, निदान ज्या मालकांना व्हॅट परत मिळवण्याची सोय नाही त्यांच्यापुरता, येत्या अर्थसंकल्पात लागू करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक करदाता