शनिवार मी घेतलेत

बावधन, रविवार रात्र

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई म्हणते, "थांब हं, कुकर बंद करून येते," आणि बाबा फोन स्पीकरवर टाकतात. मग खालच्या काकूंनाही सगळं कळतं. म्हणून लिहिते आहे. बावधनहून सदाशिव पेठेत पत्र पाठवणारी मी एकटीच असेन. हसा खुशाल.

मुद्दा आधीच सांगते, कारण आई शेवटचं पान आधी वाचणार. दिवाळीनंतर साधारण वर्षभर मी शनिवारी येणार नाही. मी सिनेमा करते आहे. नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही. कर्ज काढलेलं नाही. दादाच्या वेळी झालं तसं यात काहीही होणार नाही, हे तुम्हाला दोघांनाही लेखी देते. सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, शनिवारी शूटिंग आणि रविवार पूर्ण तुमचा. कॅमेऱ्याचं भाडं ठरलं, माणसं ठरली, समीरने घरची बाजू उचलायचं कबूल केलंय. म्हणजे परवानगी मागत नाहीये, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी लिहिताना पोटात गोळा आलाय. शनिवारी जिन्यात माझ्या चपलांचा आवाज आला की बाबा दार उघडून उभे असतात, ते डोळ्यांसमोर येतं.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे. "सुट्टीच्या दिवशी करून कुठे सिनेमा होतो का?" होतो. ख्रिस्तोफर नोलनचा पहिला सिनेमा असाच झाला. तोच नोलन, ज्याचा 'ओपनहायमर' बघून आई म्हणाली होती, माणसं फार बोलतात आणि मागचं संगीत त्यांना बोलू देत नाही. त्याचं हे पहिलं चित्र 'फॉलोइंग', १९९८ चं, लंडनमधलं. जेमतेम सत्तर मिनिटांचं, कृष्णधवल, १६ एमएमवर काढलेलं. खर्च साधारण ६,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अडीच लाखांच्या आसपास. सगळे नोकऱ्या करणारे, त्यामुळे शूटिंग फक्त शनिवारी. असं करत जवळजवळ वर्ष गेलं. घरं मित्रांची आणि नातेवाइकांची. लेखन, दिग्दर्शन, कॅमेरा सगळं त्याचंच. निर्मितीत त्याच्याबरोबर एमा थॉमस होती, कॉलेजच्या फिल्म सोसायटीत भेटलेली, पुढे त्याची बायको झालेली. (आई, समीरला हे वाक्य दाखवू नकोस, तो लगेच निर्माता व्हायला बघेल.)

सगळ्यात जास्त पैसे फिल्मवरच जायचे, म्हणून ती वाया घालवणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर नाटकासारख्या तालमी केल्या. सगळं इतकं घोटून घ्यायचं की पहिल्या नाहीतर दुसऱ्या टेकला काम झालंच पाहिजे. दर शनिवारी पंधराएक मिनिटांचं चित्रण. बाबा, हे वाचलं तेव्हा मला आपला हॉल आठवला. टीपॉय भिंतीला लावून तुम्ही पुरुषोत्तम करंडकाच्या नाटकातल्या पोरांच्या तालमी घ्यायचात, आई भाजी निवडता निवडता प्रॉम्प्टिंग करायची आणि मी दिवाणाखाली बसून सगळ्यांचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणायचे. आता फिल्म नाही, कार्ड आहे. शंभर टेक घेतले तरी पैसा जात नाही. मला त्याचीच भीती वाटते, म्हणून मीही महिनाभर नुसत्या तालमी घेणार आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सिनेमा चांगला आहे का, की नुसतं त्याच्या पुढच्या नावावर कौतुक चाललंय? खरं सांगू? अर्धा अर्धा. पण तो चांगला अर्धा फार चांगला आहे.

गोष्ट अशी. एक बेकार, होतकरू लेखक रस्त्यात अनोळखी माणसांचा पाठलाग करतो. चोरीसाठी नव्हे, नुसतं ते कुठे जातात, काय करतात ते बघायला. स्वतःला नियम घालून घेतलाय, एका माणसाच्या मागे दोनदा जायचं नाही. तो नियम मोडतो आणि कॉब नावाच्या सुटाबुटातल्या माणसाच्या हाती सापडतो. कॉब घरफोड्या आहे, पण पैशापेक्षा लोकांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करण्यात त्याला रस. पुढचं सांगत नाही, बाबा भांडतील.

काळ पुढे-मागे जातो, पण गोंधळ होत नाही, कारण नायकाच्या चेहऱ्यावरून कळतं आपण कुठे आहोत. केस वाढलेले असले की सुरुवात, केस कापून सूट घातला की मधला भाग, तोंड सुजलेलं असलं की शेवटाकडे. पाटी नाही, तारीख नाही. फुकटात झालेलं काम आहे आणि आजही चोख चालतं. दिवे नव्हते म्हणून खिडकीशी माणसं उभी केलीत, आणि कृष्णधवल असल्यामुळे ती गरिबी दिसत नाही, उलट जुन्या गुन्हेपटांसारखी दिसते. कॉब झालेला अ‍ॅलेक्स हॉ तर असा बोलतो की आपणही त्याला घराची किल्ली देऊन टाकू. तो पुढे वास्तुविशारद झाला म्हणे. नायकाच्या दारावर बॅटमॅनचं चिन्ह चिकटवलेलं आहे, नोलनने बॅटमॅनला हात घालण्याच्या कितीतरी वर्षं आधी. आणि 'इन्सेप्शन'मधल्या चोराचं नावही कॉबच.

जुनं कुठे झालंय, तर बाईत. तिला नावसुद्धा नाही, श्रेयनामावलीत नुसती 'ब्लाँड'. नाव तसं कॉब सोडून कोणालाच नाही, पण बाकीच्यांना निदान स्वतःच्या इच्छा आहेत. ही बिचारी कथेला वळण हवं असेल तिथे येते आणि वळण देऊन जाते. शेवटच्या काही मिनिटांत सगळी कुलपं एकापाठोपाठ एक खटाखट लागतात. बघताना वा म्हणतो आपण, पण दुसऱ्या दिवशी वाटतं, इतकं बिनचूक फसवायला समोरच्याने प्रत्येक वेळी अगदी ठरल्यासारखंच वागायला हवं. आवाजही काही ठिकाणी खरखरीत. हे सगळं दिसतं आणि तरीही मी तो मध्येच बंद करू शकले नाही. सव्वा तासात मावतो हाही गुण आहे. नंतरचे त्याचे सिनेमे बघता बघता पाय आखडतात.

आणि आपल्या पेठेत हा सिनेमा होऊच शकला नसता. अनोळखी माणसाच्या मागे जायला लागलात तर दुसऱ्या कोपऱ्यावर गॅलरीतून कोणीतरी विचारणार, "कोण पाहिजे?" म्हणून माझ्या गोष्टीत पाठलाग नाही. माझी मुलगी भाड्याने घर बघायचंय असं सांगून लोकांच्या घरात शिरते. एजंट फोनवर बोलत असतो आणि ही कपाटं उघडून बघते. काही चोरत नाही, निदान सुरुवातीला.

इथे तुम्ही येता. आई, आधी पाणी पी.

'फॉलोइंग'मध्ये एक प्रसंग आहे. दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर कॉब एक खोका शोधून काढतो. त्याचं म्हणणं, प्रत्येकाचा असा एक खोका असतोच, फोटो, पत्रं, फुटकळ जपलेल्या वस्तू. तो ते सगळं जमिनीवर ओततो. घेऊन गेलं की माणसाला कळतं आपल्याकडे काय होतं, असा त्याचा हिशोब. ते बघताना मला कपाटातला तुझा बिस्किटांचा डबा दिसला. आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ, माझा दुधाचा दात कापसात, बाबांचं नाट्यस्पर्धेचं प्रमाणपत्र चार घड्या घालून, रबरबँडने बांधलेली जुनी रेशनकार्डं आणि दादाचं ते पाकीट. मला गोवर आला होता तेव्हा तू तो डबा पलंगावर आणून दिलास आणि एकेका वस्तूची गोष्ट सांगितलीस. पाकिटाची तेवढी नाही सांगितलीस. मी अजूनही विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

तर मला आपलं घर हवंय. फक्त दोन शनिवार, सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा. डबा तुझा नको, तसाच दुसरा मी आणलाय, आतल्या वस्तूही जमवल्यात. तुझं कपाट तू आधीच कुलूप लावून ठेव, किल्ली कमरेला. देवघराकडे कॅमेरा वळणार नाही. आणि खालच्या काकूंना मी स्वतः जाऊन सांगेन की घर भाड्यानेही द्यायचं नाही आणि विकायचंही नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत पेठभर होईल आणि बिल्डरची माणसं पुन्हा जिना चढतील. नाही म्हणालीस तरी चालेल. समीरच्या मावशीचं घर आहे कर्वेनगरला, फक्त तिथे ऊन येत नाही.

आता माझ्या शनिवारांचं काय, ते नीट वाचा.

भाजी आणि औषधं शुक्रवारी रात्री समीर पोचवेल. तो पालेभाजी जाडी आणतो, बोलू नकोस, शिकेल. बाबांची साखर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मी बरोबर असताना. रक्त घेणारा मुलगा घरी येईल, उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटी, "अर्धा कप चहाने काय होतंय" हे चालणार नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. माळ्यावरचं काहीही काढायचं नाही, स्टूल मी येऊन बाल्कनीत बांधून ठेवणार आहे, खरंच. मंडईत चालत जायचं असेल तर जा, येताना रिक्षा. रिक्षावाला नाही म्हणाला तर दुसरा, त्याला व्याख्यान देत उन्हात उभं राहायचं नाही. बाथरूममध्ये हँडल बसवायला मंगळवारी माणूस येतोय, पैसे दिलेत, त्याच्याशी घासाघीस करू नका.

शूटिंगच्या दिवशी स्वयंपाक करायचा नाही. माणसं आठ असतील, तू बाराजणांचे पोहे करशील हे मला माहीत आहे. चहा एकदाच, तोही मी करेन. बरं, पोहे कर. पण किसलेलं खोबरं मी घेऊन येईन, खवणीवर बसायचं नाही.

बाबा, तुम्ही तालमींना या. दर बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे, समीर न्यायला येईल. नट मंडळी नवीन आहेत, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पाडतात. ते मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटतं, तुम्ही सांगितलंत तर वाटणार नाही. मात्र मी काही सुचवत असताना मध्ये बोलायचं नाही. दिग्दर्शक मी आहे, हे घरातसुद्धा.

तुमची,
मुग्धा

ता. क. नोलनने त्या सिनेमात पोलिसाच्या कामाला आपला काका घेतला होता, जॉन नोलन. तो नट होता, आपला सुधाकाका नट नाही, तरी सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम मी सुधाकाकालाच देणार आहे. त्याला अजून सांगू नका. आधी कळलं तर तो भूमिकेसाठी म्हणून मिशी काढून येईल, आणि मला तो मिशीसकट हवाय.